जुन्या जिप्सीची झणझण आणि आवाज: डिफ खोलायच्या आधी हे बघा

मारुती जिप्सी जुनी झाली की साठच्या पुढे फ्लोअर झणझणतो, अॅक्सिलरेटर सोडला की मागून घूं घूं येतं, रिव्हर्समधून पहिला टाकला की खालून खट् होतं, आणि गॅरेजला नेली की ठरलेलं उत्तर मिळतं, "डिफ गेलाय, खोलायला लागेल." डिफ म्हणजे डिफरन्शिअल, दोन चाकांच्या मधला गिअरचा डबा. माझ्या जिप्सी किंगचा मागचा डिफ असाच खोलला, क्राऊन पिनियनचा (आतल्या मुख्य गिअरचा) सेट नवीन टाकला, आणि गाडी घरी आणताना झणझण होती तशीच, जरासुद्धा कमी नाही. शेवटी निघालं काय तर ट्रान्सफर केसचं (ताकद पुढच्या-मागच्या चाकांकडे वाटणारा गिअरचा डबा) एक रबर माउंट फाटलेलं. म्हणून कळकळीने सांगतो, पाना लावायच्या आधी आवाज कशाबरोबर बदलतो ते शोधा.

मोकळा सपाट रस्ता बघा, सोबत कुणीतरी घ्या. 60 ला चौथ्यात चालवा, मग तोच 60 ठेवून तिसऱ्यात चालवा. इंजिन जास्त फिरतंय पण झणझण तेवढीच राहिली तर इंजिन-क्लचचा संबंध नाही, दोष गिअरबॉक्सच्या मागे आहे. गिअरबरोबर बदलली तर इंजिन माउंट, क्लच, गिअरबॉक्सकडे बघा. मग इंजिनचा संबंध नाही याची खात्री करायला सपाटीवरच न्यूट्रल करून गाडी सोडून बघा, पण इंजिन चालू ठेवा, बंद केलं की ब्रेक जड होतो, आणि हे घाटात अजिबात करू नका.

आता झणझण कशी आहे ते अंगाने ओळखायचं. 60 ला चाक सेकंदाला आठेक वेळा फिरतं, डिफमध्ये जवळपास चार पट रिडक्शन आहे म्हणजे मागचा शाफ्ट (डिफकडे ताकद नेणारा दांडा) तीसेक वेळा. त्यामुळे चाकाचा दोष असेल तर स्टिअरिंग किंवा सीट मोजता येईल अशी हलते, शाफ्टचा असेल तर बारीक झणझण येते, तळपायाला मुंग्या आल्यासारखी. चाकाचा संशय आला तर आधी रिमच्या आतली बाजू बघा, पावसाळ्यात चिखलातून आल्यावर आत सुकलेला गोळा बसतो आणि लोक उगाच बॅलन्सिंगवर खर्च करत बसतात.

जिप्सीची खास गोष्ट म्हणजे ट्रान्सफर केस गिअरबॉक्सला चिकटलेली नाही, ती वेगळी, तीन रबर माउंटवर टांगलेली आहे आणि मधे एक छोटा शाफ्ट आहे. म्हणजे शाफ्ट तीन आणि क्रॉस (शाफ्टच्या दोन टोकांचे सांधे) सहा. बरेच मेकॅनिक मागचा लांब शाफ्ट बघतात आणि छोटा सोडून देतात. किंगमध्ये हाय रेंजलाही ट्रान्सफर केस साधारण 1.4 पट रिडक्शन करते, म्हणून छोटा शाफ्ट लांबपेक्षा तेवढा जास्त जोरात फिरतो, थोडा दोषसुद्धा तिथे जास्त जाणवतो. माउंट फाटलं की केस एका बाजूला झुकते आणि या शाफ्टचा अँगल बिघडतो. ओळखायची खूण म्हणजे फोर बाय फोरचा लिव्हर, तो थेट केसवरच बसलेला आहे. चालताना अॅक्सिलरेटर दाबा-सोडा आणि लिव्हरकडे बघा, माझा प्रत्येक वेळी बोटभर पुढे-मागे उडी मारायचा आणि मी वर्षभर ते नॉर्मल समजत होतो. मग इंजिन बंद करून खालून टॉमीने (लोखंडी पहारीने) केस उचलून बघा, रबर आणि पत्रा यांच्यात फट उघडली तर माउंट गेलं. एक गेलं असेल तरी तिन्ही बदला.

क्रॉस बघताना चारही चाकांना नीट लाकडं लावा, मग न्यूट्रल करून हँडब्रेक सोडा. एका हाताने योक (क्रॉस धरणारा काटा) धरा, दुसऱ्याने शाफ्ट पिळा, वर-खाली ढकला. क्रॉसमध्ये जरासाही खेळ नको. कपच्या कडेला लालसर गंजाची पूड दिसली तर आतल्या सुया कोरड्या पडल्यात, हळू चालताना चिक् चिक् येते ती याचीच. ग्रीस निपल असेल तर चारही कपमधून नवीन ग्रीस बाहेर येईपर्यंत मारा, पण खेळ आलेला क्रॉस ग्रीसने बरा होत नाही.

घूं घूं असेल तर तो टायर, हब बेअरिंग की डिफ हे वेगळं करायचं. डांबरावरून काँक्रीटवर गेल्यावर सूर बदलला तर टायर. मोकळ्या रस्त्यावर हलकेच डावीकडे वळवल्यावर वाढला तर उजवीकडचं बेअरिंग, कारण वजन तिकडे जातं. अॅक्सिलरेटर दाबल्यावर एक सूर आणि सोडल्यावर दुसरा, हे डिफचं लक्षण. ट्रान्सफर केसचा थोडा सूं आवाज जिप्सीत असतोच, त्यामागे लागू नका.

तरी कळलं नाही तर एकेक भाग बाजूला काढा. पुढे फ्री व्हील हब (चाक पुढच्या अॅक्सलपासून सोडवता येणारे) असतील तर फ्री करून टू व्हील मध्ये चालवा, पुढचा शाफ्ट-डिफ थांबतो, आवाज गेला तर दोष पुढे. फिक्स हब असतील तर पुढचा शाफ्ट सरळ काढून एक चक्कर मारा. मागचा शाफ्ट काढला असेल तर मात्र सांभाळा, टू व्हील मध्ये गिअरवर गाडी उभी राहत नाही, आणि ज्या गाड्यांचा हँडब्रेक ट्रान्सफर केसच्या मागे ड्रमवर आहे त्यांचा हँडब्रेकही उपयोगाचा नाही. चाकांना लाकडं हवीतच.

गाडी लिफ्ट केल्यावर (सस्पेन्शन बदलून उंच केल्यावर) झणझण सुरू झाली असेल तर उत्तर तिथेच आहे, गाडी उंच झाली की शाफ्टचा अँगल वाढतो आणि मागच्या डिफचं नाक पाचर लावून परत जुळवावं लागतं. आणि शाफ्ट काढायच्या आधी फ्लँज (बोल्टने जोडलेली चकती) आणि स्प्लाइन (सरकत्या सांध्याचे दाते), दोन्हीकडे पंचने खूण करा. स्प्लाइन एक दाता जरी चुकीचा बसला तरी दोन टोकांचे योक एका रेषेत राहत नाहीत आणि सगळे क्रॉस नवीन टाकूनही गाडी पहिल्यापेक्षा जास्त झणझणते.