किनाऱ्यावर सीलचं पिल्लू दिसलं? मग या चुका टाळा

इंग्लंडमध्ये थंडीत घरी पाहुणे आले की त्यांना नॉरफकला हॉर्सीच्या बीचवर न्यायचं हे आमचं ठरलेलं, नोव्हेंबर ते जानेवारी तिथे ग्रे सीलची पिल्लं ढिगाने जन्मतात. मागे आई आली होती, वाळूत एकटंच पडलेलं पांढरं पिल्लू बघून म्हणाली, "अगं रडतंय बघ ते, आई कुठे गेली त्याची?" आणि गळ्यातली शाल सोडत, लोकांना अडवायला बांधलेल्या दोरीपलीकडे निघालीच.

तर पहिली चूक हीच. ते रडत नसतं. आपले अश्रू नळीतून नाकात उतरतात, सीलला ती नळीच नसते, म्हणून पाणी तोंडावर ओघळतं, आणि डोळ्यांभोवती ओलं वर्तुळ दिसतंय म्हणजे उलट अंगात पाणी पुरेसं आहे. डोळे कोरडे, चिकट किंवा खोल गेलेले असतील तर मात्र गडबड आहे. शाल, ब्लँकेट काही टाकू नका, गुबगुबीत पिल्लाला थंडीपेक्षा उकाड्याचा धोका जास्त. डोकं आणि शेपटी वर करून केळ्यासारखं वाकलेलं दिसलं तरी पाठ मोडलेली नसते, आरामात पडलंय ते.

एकटं आहे म्हणजे अनाथ आहे असंही नाही. आई बऱ्याचदा जवळच पाण्यात असते आणि आपण घोळका करून उभे राहिलो की बाहेर यायला घाबरते, म्हणजे पिल्लाला अनाथ करणारे आपणच. निदान 100 मीटर लांब राहा, कुत्र्याला पट्टा लावा.

सगळ्यात घातक म्हणजे "बिचाऱ्याला पाण्यात सोडू या". ती पांढरी लव पाण्यात ऊब धरत नाही, पिल्लू गारठतं, बुडूही शकतं. मोठा सीलसुद्धा विश्रांतीला किंवा आजारी असला की वाळूवर येऊन पडतो, मासा नाहीये तो!

दूध पाजणं तर नकोच नको. सीलच्या दुधात निम्म्याच्या आसपास फॅट असतं, त्यावर साधारण 14 किलोचं पिल्लू तीनेक आठवड्यांत 40 किलोच्या पुढे जातं आणि मग आई त्याला सोडून निघून जाते (हो, हे नॉर्मल आहे). गाईचं दूध त्याला पचत नाही. रेस्क्यू सेंटरमध्येसुद्धा अशक्त पिल्लाला आधी नळीने क्षारांचं पाणी देतात, मग माशाचं पातळ वाटण, नंतर अख्खा मासा, यात महिने जातात.

गळ्यात प्लॅस्टिकची फ्रिस्बी रिंग (फेकून झेलायचं पोकळ कडं) अडकलेले सील नॉरफकला वारंवार सापडतात, प्राणी वाढतो तशी ती मांसात रुतत जाते. बघून जीव तुटतो पण कात्री घेऊन धावू नका. सील जोरात चावतो, आणि त्यातून 'सील फिंगर' नावाचं इन्फेक्शन होतं ज्यावर पेनिसिलिन चालत नाही, टेट्रासायक्लिन गटातलं औषध लागतं, त्यामुळे चावलाच तर डॉक्टरला "सील चावला" असं मुद्दाम सांगा.

खरंच जखमी वाटला तर 'ब्रिटिश डायव्हर्स मरीन लाइफ रेस्क्यू' या संस्थेला फोन करा. नेमकी जागा, अंदाजे लांबी, अंगावर पांढरी लव आहे की गेली, जखम कुठे, भरती चढतेय का उतरतेय हे सगळं सांगा. आणि फोटो झूम करूनच घ्या.