वसाहतीत कलाकारासोबत मुलांचा खेळ कसा सुरू करावा

उंच इमारतींच्या वसाहतीत मुलांच्या वाट्याला बहुधा एक कोपरा येतो. तिथे घसरगुंडी असते, झोपाळा असतो, भोवती कुंपण असतं. लहानगी तिथे रमतात. नऊ-दहा वर्षांची मुलं मात्र जिन्यात, गच्चीच्या दाराशी, उभ्या गाड्यांच्या मधल्या पट्ट्यात सापडतात. त्यांना काहीतरी उभारायचं असतं, मोडायचं असतं, पुन्हा वेगळं उभारायचं असतं आणि घसरगुंडीत बदलण्यासारखं काहीच नसतं.

डॅनिश उद्यानरचनाकार कार्ल थिओडोर सोरेनसेन यांनी हे फार आधी हेरलं होतं. मुलं आखीव क्रीडांगणापेक्षा बांधकामाच्या जागी पडलेल्या लाकडा-विटांत जास्त वेळ खेळतात, हे पाहून त्यांनी टाकाऊ साहित्याच्या मैदानाची कल्पना मांडली. १९४३ मध्ये, डेन्मार्क जर्मनीच्या ताब्यात असताना, कोपनहेगनच्या एम्ड्रुप भागातल्या गृहनिर्माण वसाहतीत असं मैदान सुरू झालं. पुढे १९७१ मध्ये सायमन निकोल्सन या ब्रिटिश कलाकाराने त्यामागचं कारण मांडलं: आजूबाजूला हलवता, जोडता, बदलता येण्याजोग्या वस्तू जितक्या जास्त, तितकी शोधक वृत्तीला वाव जास्त. कलाकाराला वसाहतीत बोलवायचं ते ही संधी उभी करायला. सगळ्या मुलांनी एकसारखी वस्तू करून घरी न्यायची असेल, तर तो हस्तकलेचा वर्ग झाला. त्याचीही गरज असते, पण हा लेख त्याबद्दल नाही.

१. जागा निवडा

जागा बघायला जायचं ते मुलं खेळत असतानाच. शाळा सुटल्यावर एकदा, सुट्टीच्या दिवशी एकदा, असं निदान दोनदा जा आणि नुसतं पाहा. मुलं कुठून पळतात, कुठे बसतात, कुठून त्यांना हाकललं जातं? सावली कधी कुठे असते, पाण्याचा नळ किती लांब आहे, गाड्या कुठे वळतात, हेही टिपून ठेवा. घरांच्या खिडक्यांतून दिसणारी आणि मुलांच्या रोजच्या वाटेवरची जागा सर्वांत चांगली. सभागृहात खेळ ठेवला की पालकांनी नाव नोंदवलेलीच मुलं येतात. उघड्यावर मांडला की येता-जाता कोणीही थांबतं, आणि ज्या मुलांना कुठेच नेलं जात नाही ती नेमकी अशीच येतात. मोठ्या मुलांची चेंडू खेळायची जागा मात्र घेऊ नका.

२. शेजाऱ्यांशी बोला

वसाहतीच्या समितीकडे लेखी परवानगी मागा. संयुक्त राष्ट्रांच्या १९८९ च्या बालहक्क करारातलं ३१ वं कलम मुलांचा खेळाचा आणि कलाजीवनात भाग घेण्याचा हक्क मान्य करतं, ते अर्जात लिहायला हरकत नाही. पण अर्जापेक्षा तळमजल्यावरच्या घरांचं दार वाजवणं जास्त महत्त्वाचं. किती वाजता सुरू होईल, किती वाजता संपेल, भिंतीला काय लागेल, कचरा कोण उचलेल, हे चारच प्रश्न त्यांच्या मनात असतात. त्यांची नेमकी उत्तरं द्या आणि दिलेली वेळ पाळा. सफाईचं काम करणाऱ्यांनाही आधी सांगा, नाहीतर जपून ठेवलेले पुठ्ठे दुसऱ्या दिवशी कचऱ्यात गेलेले असतात.

३. कलाकार शोधा

शिल्पकार, बाहुलीकार, नर्तक, सुतारकाम किंवा विणकाम करणारा, कोणीही चालेल. चांगलं चित्र काढता येणं ही इथली मुख्य पात्रता नाही. भेटीत एक प्रश्न नक्की विचारा: मुलांनी तुमची कल्पना पार बाजूला सारली तर तुम्ही काय कराल? त्यावर ज्याचे डोळे चमकतील, त्याला घ्या.

मोबदला ठरवताना तयारीचा, साहित्य जमवण्याचा आणि आवराआवरीचा वेळही धरा. तुमच्या इथल्या नियमांप्रमाणे पार्श्वभूमीची पडताळणी करून घ्या. मुलांसोबत कायम किमान दोन जाणती माणसं हवीत, एकटं मूल आणि एकटा मोठा माणूस अशी वेळ येऊ देऊ नका. पालकांची आणि मुलाची संमती नसेल तर फोटो काढायचे नाहीत, हेही आधीच स्पष्ट करा.

४. साहित्य जमवा

प्रकार थोडे आणि नग भरपूर, हे सूत्र धरा. वीस प्रकारच्या वस्तू दोन-दोन आणल्या तर भांडणं होतात. मोठी पुठ्ठ्याची खोकी, जुन्या चादरी, कपड्यांचे चिमटे आणि कागदी चिकटपट्टी एवढंच भरपूर असलं तरी पहिले काही आठवडे निघतात. नंतर बांबूच्या काठ्या, पुठ्ठ्याच्या नळ्या, बादल्या, टायर, खडू, माती आणि पाणी आणा. मूल आत शिरू शकेल इतक्या मोठ्या वस्तू हव्यातच. हाताएवढ्या वस्तूंशी एकेकटं खेळता येतं, पण खोलीएवढं काही उभारायचं तर दुसऱ्याला हाक मारावीच लागते, आणि ओळख तिथून सुरू होते.

प्रत्येक वस्तू आधी स्वतः हाताळून बघा. खोक्यांतल्या लोखंडी पिना उपटा, काठ्यांची टोकं घासा, टायरमधून तारा बाहेर आल्या असतील तर तो टायर बाद करा. प्लॅस्टिकच्या मोठ्या पिशव्या, बटणासारख्या बॅटऱ्या आणि सुटी लोहचुंबकं आणू नका. तीन वर्षांखालची भावंडं सोबत येणारच, म्हणून गिळता येतील अशा वस्तू मुळीच नकोत. दोऱ्या आखूड ठेवा. दोरी गळ्यात अडकवायची नाही, हा नियम सर्वांना सांगा. रंग पाण्याने धुतले जाणारेच घ्या.

५. खेळाचे दोन तास

साहित्य मुलांच्या डोळ्यांदेखत मांडा. गाडीतून खोकी उतरायला लागली की मुलं आपोआप मदतीला येतात, आणि ज्याने खोकं उचललं त्याला ते आपलं वाटतं. भाषण नको, ओळखीचे खेळ नकोत. कलाकाराने स्वतः काहीतरी करायला घ्यावं: दोन झाडांमध्ये चादर बांधावी किंवा जमिनीवर एक लांब रेघ ओढत जावं. पाचेक मिनिटांत कोणीतरी येऊन विचारतं, हे काय आहे? त्यावर उत्तर न देता पुढे काय करूया, असं विचारावं.

यानंतरचं काम अवघड आहे: मागे सरायचं. मुलाची गाठ सुटत असली तरी ती स्वतः मारून देण्याची घाई करू नका. त्याने मागितली तर मदत द्या, तीही अर्धीच. काठी धरा, बांधू त्याला द्या. ‘छान’ म्हणण्याऐवजी जे दिसतं ते बोला: ‘या भिंतीला तू दोन दारं ठेवलीस.’ मूल लगेच सांगायला लागतं की एक दार शत्रूसाठी आहे. कौतुकाने संभाषण संपतं, निरीक्षणाने ते सुरू होतं. आई-वडिलांनाही हे आधी सांगून ठेवा, कारण मुलाचं घर वाकडं झालं की त्यांचे हात शिवशिवतात.

कडेला उभं राहून नुसतं बघणाऱ्या मुलाला ओढू नका. त्याच्याजवळ एक खोकं ठेवून निघून जा. मोठी मुलं सगळं बळकावत असतील तर त्यांना खरोखर अवघड काम द्या, उदाहरणार्थ डोक्यावरून जाणारा पूल. चाकांची खुर्ची वापरणाऱ्या मुलासाठी काही साहित्य टेबलाच्या उंचीवर मांडा आणि मधली वाट मोकळी ठेवा.

चढणं, उडी मारणं, पडणं हे होणार. मुलाला दिसणारा आणि त्याने स्वतः तोललेला धोका राहू द्या. त्याला न दिसणारा, म्हणजे गवतातली काच किंवा डुगडुगणारा कठडा, तुम्ही आधीच काढा. प्रथमोपचाराची पेटी हाताशी ठेवा आणि ती वापरता येणारं माणूसही.

संपायच्या वीस मिनिटं आधी सांगा. आवरणं हाही खेळाचा भाग: पुठ्ठे सपाट करायला उड्या माराव्या लागतात, ते मुलांना फार आवडतं. ज्याला आपलं बांधकाम मोडवत नाही, त्याचा एखादा तुकडा नाव लिहून पुढच्या वेळेसाठी ठेवा.

६. परत या

एकदाच केलेला मोठा उत्सव मुलांच्या खेळात फारसा बदल घडवत नाही. आठवड्यातला एकच वार, तीच वेळ, तीच जागा, असं निदान तीन महिने चालवा. सुरुवातीला मुलं साहित्यावर तुटून पडतात. काही आठवड्यांनी गेल्या वेळचं पुढे नेण्याची भाषा सुरू होते. खरा खेळ तिथून चढत जातो, म्हणून नेमक्या त्याच सुमारास कलाकार बदलू नका.

तोवर जिन्याखाली एखादी कुलूपबंद पेटी मिळवा. किल्ली दोन रहिवाशांकडे असावी, म्हणजे कलाकार नसतानाही पेटी उघडता येईल. पेटीत एक वही ठेवा: कोणतं साहित्य संपलं, काय तुटलं, मुलांनी काय मागितलं, कोणत्या मजल्यावरून तक्रार आली. पुढच्या वेळी काय आणायचं, ते या वहीवरून ठरवा.