भटक्या कुत्र्यांबाबत मोहीम आखण्यापूर्वी सोसायटीचे मत कसे जाणून घ्यावे

भटक्या कुत्र्यांचे निर्बीजीकरण करून घ्यायचे असो किंवा त्यांना खाणे घालण्याची जागा ठरवायची असो, प्राणिप्रेमी मंडळी बहुधा आधी पत्रक छापतात आणि शेजाऱ्यांच्या मनात काय आहे ते मागाहून, भांडण झाल्यावर त्यांना कळते. हा क्रम बदलावा. प्राणी जन्मनियंत्रण नियम, २०२३ प्रमाणे खाणे घालण्याची व्यवस्था रहिवासी संघटनेने करायची असते आणि ती जागा जिने, प्रवेशद्वारे व मुलांच्या खेळण्याच्या जागेपासून दूर असावी लागते. म्हणजेच कुत्र्यांवर नाराज असलेला शेजारीही या निर्णयाचा भाग असतो.

सोसायटीच्या व्हॉट्सॲप ग्रुपवर मत मागवू नये, कारण तिथे फार चिडलेले आणि फार माया असलेलेच लिहितात, बाकीचे गप्प राहतात. सदनिकांच्या यादीतून चिठ्ठ्या टाकून घरे निवडावीत आणि दार बंद असल्यास शेजारच्या घरी न विचारता त्याच घरी रविवारी सकाळी पुन्हा जावे. वॉचमन, पहाटे दूध व पेपर टाकणारी मुले आणि घरकामाला येणाऱ्या महिला यांनाही अवश्य विचारावे. कुत्र्यांशी रोजची गाठ त्यांची पडते, पण सोसायटीच्या मीटिंगमध्ये त्यांना कोणी बोलावत नाही.

सर्वांत जास्त वेळ प्रश्नांच्या शब्दांवर खर्च करावा. ‘मुक्या जिवांवर दया करावी असे वाटते का?’ याला कोणी नाही म्हणत नाही, त्यामुळे त्या होकारातून काहीच हाती लागत नाही. त्याऐवजी ‘गेल्या तीस दिवसांत कुत्रा अंगावर धावून आला का, आला असल्यास कुठे आणि किती वाजता?’ असे विचारावे. ‘रात्री साडेअकराला, कचऱ्याच्या डब्यांजवळ’ असे उत्तर दोन-चार जणांकडून आले, तर आधी कचरा उचलण्याची वेळ बदलून घ्यावी, पत्रकाचे नंतर पाहता येईल. कानाला खाच असलेल्या कुत्र्याचे छायाचित्र दाखवून ती खाच कशाची, हेही विचारावे. ती निर्बीजीकरणाची खूण आहे हे ज्याला ठाऊक नसते, त्याला शस्त्रक्रियेनंतर त्याच गल्लीत परत सोडलेला कुत्रा पाहून महापालिका काहीच करत नाही असे वाटणे स्वाभाविक आहे.

रोज कुत्र्यांना खाणे घालणाऱ्या व्यक्तीने स्वतः प्रश्न विचारायला जाऊ नये, कारण तिच्या तोंडावर लोक खरे बोलत नाहीत. कोणी भीती बोलून दाखवली तर वाद न घालता ती त्याच्याच शब्दांत लिहून घ्यावी. रेबीजची लक्षणे दिसू लागल्यावर रुग्ण वाचणे जवळपास अशक्य असते, हे लक्षात घेता या भीतीला अडाणीपणा म्हणणे मला अन्यायाचे वाटते.

यानंतर दोन पत्रके तयार करावीत, एक कुत्र्यांच्या हालांविषयी आणि दुसरे लसीकरणामुळे मुलांना मिळणाऱ्या संरक्षणाविषयी, आणि कोणत्या घरी कोणते द्यायचे तेही चिठ्ठ्या टाकूनच ठरवावे. कोणते पत्रक आवडले हे विचारण्यापेक्षा, कोणत्या घरांतून निर्बीजीकरणासाठी वर्गणी आली किंवा कुत्रे पकडण्याच्या दिवशी मदतीला माणूस आला, याची वहीत नोंद ठेवावी. चाळीस घरांत दोन-तीन घरांचा फरक योगायोगानेही पडतो, म्हणून तेवढ्यावरून एक पत्रक सरस ठरवू नये. शेजारच्या सोसायट्यांत हाच प्रयोग करून आकडे एकत्र मांडावेत. सहा महिन्यांनी त्याच घरी तेच प्रश्न शब्दही न बदलता पुन्हा विचारावेत आणि आपल्या विरोधात गेलेल्या उत्तरांसह सर्व निष्कर्ष लिफ्टशेजारच्या फलकावर लावावेत.