किनाऱ्यावरचे कोळी आणि छद्मविंचू नोंदवताना या चुका टाळा

नागपूरहून कोकणात गेल्यावर खडकांच्या फटी आणि खारफुटीची साल धुंडाळणारी मंडळी भेटली की मला मनापासून आनंद होतो. भरतीत पाण्याखाली जाणाऱ्या खडकांत राहणारा देसिस इनर्मिस हा कोळी प्राणिशास्त्रज्ञ ग्रेव्हली यांनी १९२७ साली मन्नारच्या आखातातल्या क्रुसडाई बेटावरून नोंदवला. अशा प्राण्यांच्या नोंदी फार थोड्या, म्हणून एक चुकीचा ठिपकाही वितरणाचा नकाशा बिघडवतो.

सगळ्यात मोठा घोळ घरी परतल्यावर होतो. फोटो मालवणचा, पण जीवनोंदींच्या ॲपवर अपलोड नागपूरच्या धरमपेठेतून. व्हॉट्सॲपवर साधा फोटो म्हणून पाठवला की त्यातली जीपीएसची माहिती निघून जाते. मग नोंद करताना फोनचं आत्ताचं ठिकाण स्वीकारलं, की समुद्राकाठचा कोळी थेट नागपूरच्या अंबाझरी तलावाजवळ दिसू लागतो. मित्राकडून फोटो घ्यायचा तर डॉक्युमेंट म्हणून मागवा, आणि अक्षांश-रेखांश जागेवरच वहीत उतरवा. नुसतं गावाचं नाव पुरत नाही. ‘आरे’ म्हणजे मुंबईची आरे कॉलनी की रत्नागिरीजवळचं आरे-वारे, हे मागाहून कोण सांगणार?

आकडे लिहितानाही सांभाळा. १६ अंश ३० मिनिटं म्हणजे १६.५. ते १६.३० लिहिलं तर जागा सुमारे २२ किलोमीटर दक्षिणेला सरकते. अक्षांश-रेखांशांची अदलाबदल झाली तर मालवणचा कोळी नॉर्वेच्या उत्तरेकडच्या समुद्रात पोचतो. दशांश चिन्हानंतर दोनच आकडे ठेवले तर एक किलोमीटरपर्यंतचा फरक पडू शकतो, आणि तेवढ्यात खडक संपून नारळाची वाडी लागलेली असते. चार आकडे लिहा, जागा दहा-अकरा मीटरांत सापडते.

आपण विदर्भातले, भरती-ओहोटीचं गणित आपल्या अंगवळणी नसतं. अमावास्या-पौर्णिमेच्या उधाणात ओहोटी खूप खाली जाते, अष्टमीच्या सुमारास भांगाच्या, म्हणजे कमी भरती-ओहोटीच्या दिवसांत तेच खडक पाण्याखालीच राहतात. म्हणून तारीख-वेळेसोबत ओहोटीची स्थिती आणि भरतीच्या रेषेपासूनचं अंतर लिहा. शोधूनही काही मिळालं नाही, तर तेही लिहा. नाहीतर ‘इथे नाही’ आणि ‘इथे कुणी पाहिलंच नाही’ यांतला फरक कळत नाही.

छद्मविंचू हा विंचवासारखे चिमटे असलेला, काही मिलिमीटरांचा जीव, त्याला शेपटी नसते. तो कधीकधी माशीच्या पायाला चिमट्याने धरून प्रवास करतो. तसा सापडला तर माशीचा उल्लेख हवाच, कारण ती जागा त्याचं घर असेलच असं नाही.

फोटोवरून जातीपर्यंत (स्पीशीज) जायची घाई नको. बहुतेक कोळ्यांची जात ठरवायला जननेंद्रियं सूक्ष्मदर्शकाखाली पाहावी लागतात, तोवर प्रजातीवर (जीनस) किंवा कुळावर थांबा. नमुने गोळा करायचे असतील तर परवानगीची चौकशी आधीच करा, राज्य जैवविविधता मंडळाचं मुख्यालय नागपुरातच आहे. बाटलीतली चिठ्ठी पेन्सिलने लिहा, अल्कोहोलमध्ये पेनाची शाई विरघळते.

जुनी नोंद चुकली असेल तर लगेच पुसू नका. मूळ फोटोची वेळ आणि त्या दिवशीचा प्रवास जुळवून पाहा. नेमकी जागा तरीही ठरली नाही, तर नकाशावर त्या ठिपक्याभोवतीचं अचूकतेचं वर्तुळ पाच-दहा किलोमीटरांचं करा आणि कारण शेऱ्यात लिहा.