ओंडके ओढण्याचा घरगुती चिमटा : साखळी ड्रॉबारलाच अडकवावी

पावसाळा तोंडावर आला की बांधावरची वठलेली आणि वादळात आडवी झालेली झाडे बाहेर काढण्याची घाई सुरू होते, कारण एकदा जमीन भिजली की ओंडका जागचा हलत नाही आणि तिथेच पडून राहिला तर सालीखाली किडे व बुरशी शिरून लाकूड वाया जाते. हे काम बरेच जण ट्रॅक्टरमागे साखळी आणि लोहाराकडून करून घेतलेला सांडशीसारखा चिमटा लावून उरकतात. चिमटा घरी करण्यात गैर काही नाही आणि तो कसा करावा हे पुढे सविस्तर दिले आहे, परंतु या कामात माणसे दगावताना पाहिली आहेत ती चिमटा मोडल्यामुळे क्वचितच. साखळीचे दुसरे टोक ट्रॅक्टरला कुठे अडकवले, यावर सारे अवलंबून असते.

ते टोक ट्रॅक्टरबरोबर आलेल्या ड्रॉबारलाच, म्हणजे मागे खालच्या बाजूला असलेल्या ओढण्याच्या दांड्यालाच, आणि उत्पादकाने ठरवून दिलेल्या उंचीवरच अडकवावे. टॉप लिंकच्या (अवजाराच्या वरच्या जोडदांड्याच्या) ब्रॅकेटला, मागच्या ॲक्सलच्या आवरणाला, सीटखालच्या एखाद्या सोयीस्कर भोकाला किंवा वर उचललेल्या लिफ्ट आर्मला (अवजार उचलणाऱ्या दांड्याला) ते कधीही अडकवू नये, मग ओंडका मांडीएवढा का असेना.

काही वर्षांपूर्वी एका शेतात उलटलेला ट्रॅक्टर सरळ करण्यासाठी आम्हाला बोलावले होते. स्टेअरिंगचे चाक वाकून सीटच्या पाठीला टेकले होते आणि साखळी टॉप लिंकच्या ब्रॅकेटला तशीच ताणलेली होती. ओंडका फार तर तीनशे किलोचा असेल. त्याचे तोंड गवतात लपलेल्या एका जुन्या खुंटाला अडले होते. चालवणारा मुलगा नवखा नव्हता. ड्रॉबारची पिन गंजून बसली होती, ती निघेना, म्हणून त्याने ‘एवढ्यापुरते’ वर अडकवले, इतकेच. पुढची चाके उचलली गेली तेव्हा दहा पावलांवर उभ्या असलेल्या भावाला हाक मारण्याइतकाही अवधी मिळाला नाही.

असे का होते हे समजून घेतले तर नियम पाठ करावा लागत नाही. इंजिनाची ताकद मागच्या चाकांना पुढे फिरवते, तशीच ती ट्रॅक्टरच्या धडाला ॲक्सलभोवती उलट फिरवू पाहते, म्हणजे तोंड वर उचलू पाहते. एरवी पुढच्या भागाचे वजन त्याला दाबून धरते. ओंडका अडला आणि साखळी ॲक्सलच्या वर अडकवलेली असली की साखळीची ओढही तोंड उचलण्याच्याच बाजूची होते आणि दोन्ही जोर मिळून ट्रॅक्टर मागे टाकतात. साखळी खाली ड्रॉबारला असेल तर तोंड थोडे उचलताच ड्रॉबार जमिनीकडे झुकतो, ओढ आणखी खालून बसते आणि तोंड उचलणारा जोर आपोआप कमी होतो. बहुतेक वेळा चाके जागीच घसरतात आणि ट्रॅक्टर थांबतो. ट्रॅक्टर मागे पूर्ण उलटायला सुमारे दीड सेकंद लागतो आणि पाऊण सेकंदानंतर क्लच दाबूनही तो सावरत नाही. एवढ्या वेळात माणसाला काय झाले हे कळते, पाय मात्र हलत नाही.

आता चिमट्याविषयी. दोन हात, एक पिन, साखळीचे दोन आखूड तुकडे आणि एक कडी, इतकाच त्याचा पसारा असतो. हातांसाठी ६५ मिमी रुंद व २० मिमी जाड साधी माइल्ड स्टीलची पट्टी घ्यावी आणि रुंदीची बाजू वाकण्याच्या दिशेने ठेवावी. १० किंवा १२ मिमी जाडीच्या पट्टीचे चिमटे पुष्कळ दिसतात आणि ते पुष्कळच वाकतात. बांधकामाची सळई वापरू नये. ती वाकवून, वेल्ड करून आणि वर झटके देऊन वापरण्यासाठी केलेली नसते. प्रत्येक हात सुमारे ६० सेमी ठेवून जवळजवळ मध्यावर २५ मिमी पिनेसाठी भोक पाडावे. पट्टी लाल तापवूनच वाकवावी, थंडपणी घण मारून वाकवू नये. पिनेसाठी ८.८ दर्जाचा (जास्त ताकदीचा) बोल्ट घ्यावा, आटे नसलेला त्याचा गुळगुळीत भाग दोन्ही हातांच्या भोकांत बसेल असा निवडावा आणि नट सुटू नये म्हणून कॉटर पिन घालावी. पिन वेल्ड करून टाकण्याचा मोह टाळावा, कारण मग ती झिजली की कळत नाही.

टोकांच्या बाबतीत दोन मते आहेत. जुन्या कमानपाट्याचे पोलाद वेल्ड करून लावले तर टोक बोथटत नाही, पण त्यासाठी जोड सुमारे २५० अंशांपर्यंत आधी तापवणे, ७०१८ ही वेल्डिंगची रॉड पूर्ण कोरडी असणे आणि काम झाल्यावर जोड राखेत पुरून सावकाश निवू देणे आवश्यक असते; गडबडीत त्यावर पाणी ओतले तर डोळ्यांना न दिसणारी तडा तिथेच पडते. आमचा अनुभव विचाराल तर त्याच माइल्ड स्टीलच्या पट्टीचे टोक ठोकून काढावे आणि दर हंगामात कानस मारावी. मऊ टोक वाकून इशारा देते, कडक टोक मोडून उडते.

वरच्या दोन्ही टोकांपासून निघणारे साखळीचे तुकडे सारख्याच कड्यांचे आणि शक्य तितके आखूड असावेत. ते लांब असतील तर ओढ सरळ रेषेत येते आणि हात जवळ आणणारा जोर कमी पडतो. आखूड असतील तर तीच ओढ हातांना आत खेचते आणि पकड घट्ट होते. याच कारणाने प्रत्येक चिमट्याचे एक माप असते. फार बारीक ओंडक्यावर वरची टोके एकमेकांना भिडू लागतात आणि पकड संपते. फार जाड ओंडक्यावर खालची टोके मध्यरेषेच्या अलीकडेच बसतात आणि ताण येताच ओंडका ओल्या साबणासारखा निसटतो. टोके नेहमी ओंडक्याच्या सर्वांत रुंद भागाच्या किंचित पलीकडे बसली पाहिजेत. आपल्या चिमट्यात कोणत्या मापापासून कोणत्या मापापर्यंतचे ओंडके बसतात ते एकदा पाहून चिमट्याच्या हातावर रंगाने लिहून ठेवावे.

ओंडक्याचे वजन डोळ्यांनी ठरवू नये. दोरीने मध्यावरचा घेर मीटरमध्ये मोजावा, घेराला घेराने आणि मग लांबीने गुणावे आणि १२.५७ ने भागावे. येणारे घनमीटर १,००० ने गुणले की ओल्या लाकडाचे वजन किलोमध्ये धरता येते. सव्वा मीटर घेराचा चार मीटर ओंडका असा सुमारे पाचशे किलोचा भरतो. घरच्या चिमट्याने याहून जड ओढू नये, असे आम्ही सांगतो. हा आकडा कोणत्याही पुस्तकातला नाही, वाकलेले चिमटे पाहून ठरवलेला आहे. साखळी मात्र ओंडक्याच्या वजनावरून निवडू नये, कारण ओंडका अडला की तिच्यावर ट्रॅक्टरची सगळी ओढ येते. ग्रेड ८० च्या (मजबूत मिश्र पोलादाच्या) ८ मिमी साखळीचा सुरक्षित भार २ टन आणि १० मिमीचा ३.१५ टन असतो; शेतीच्या मध्यम ट्रॅक्टरसाठी १० मिमीची घ्यावी. अशा साखळीच्या कड्यांवर ८, ८० किंवा ८०० असा ठसा असतो. ठसा नसेल तर ती कितीही चकचकीत असली तरी गुरे बांधण्यासाठी ठेवावी. नायलॉनचा दोर तर मुळीच नको. तो ताणला जातो आणि तुटल्यावर टोकाचा हूक गोफणगुंड्यासारखा माणसाकडे फेकतो.

या दिवसांत विक्रेते हायड्रॉलिक पंजा दाखवतात, हप्त्यांची सोय सांगतात आणि घरच्या चिमट्याला धोकादायक म्हणतात. वर्षाला दहा-वीस ओंडके ओढणाऱ्याला तो पंजा परवडत नाही, शिवाय त्याचे वजन मागे पडते आणि पुढची चाके आणखी हलकी होतात. एकूण वजनाच्या निदान वीस टक्के भार पुढच्या ॲक्सलवर राहिला पाहिजे, हे तो विक्रेता सांगत नाही. पैसे खर्च करायचेच असतील तर चांगली साखळी, ठसा असलेले शॅकल (साखळी जोडायची पिनेची कडी), पुढची वजने आणि ट्रॅक्टरवर नसेल तर रोल बार (ट्रॅक्टर उलटल्यास चालकाला वाचवणारी लोखंडी चौकट) व सीट बेल्ट यांवर करावेत. रोल बार असूनही पट्टा न बांधणारा माणूस उलटताना त्याच्याच खाली येतो.

नवा चिमटा प्रथम आपल्या मर्यादेतल्या सर्वांत जड ओंडक्यावर सपाट जागी आठ-दहा वेळा सावकाश ओढून पाहावा. त्यानंतर सगळे वाक आणि जोड रॉकेलने भिजवावेत, कोरड्या फडक्याने नीट पुसावेत आणि त्यावर खडूची पूड चोळावी. तडा असेल तर आत शिरलेले रॉकेल बाहेर झिरपून पांढऱ्या खडूवर केसासारखी काळी रेघ उमटते. रेघ दिसली की तो हात भंगारात टाकावा, वरून वेल्डिंगचा थर देऊन झाकू नये. रंग ही तपासणी झाल्यावरच द्यावा.

दर दिवशी काम सुरू करण्यापूर्वी :
पिन व कॉटर पिन पाहणे.
टोकांना कानस.
साखळीच्या कड्या हातात धरून एकेक पाहणे.
टायरमधील हवा, डावे-उजवे ब्रेक पेडल एकमेकांना जोडलेले.
वाटेवरचे खुंट व दगड चालत जाऊन पाहणे.
मुले व जनावरे दूर.

यातली वाटेची पाहणी बहुतेक जण टाळतात आणि गवतातला खुंट असा टाळणाऱ्याचीच वाट पाहत असतो. चिमटा ओंडक्याच्या टोकापासून दीड वीत आत लावावा, अगदी टोकाला लावला तर लाकूड चिरून निघते. झाडात रस चढलेला असतो तेव्हा साल सैल असते आणि चिमटा नुसती साल सोलून हाती देतो, म्हणून कुऱ्हाडीने दोन्ही बाजूंची साल काढून टोके थेट लाकडात बसवावीत. ओंडक्याच्या पुढच्या तोंडाची खालची कड तासून घसरगुंडीसारखी केली किंवा त्याखाली वाकवलेला जाड पत्रा बांधला तर तो मातीत रुतत नाही. तोंड उचलण्यासाठी म्हणून लिफ्ट आर्मला साखळी बांधणारे भेटतात. पत्र्याने तेच काम होते आणि ओढ ड्रॉबारवर राहते.

पहिल्या गिअरमध्ये साखळीचा ढिलेपणा आधी संपवावा, मग क्लच हळू सोडावा. साखळीच्या लांबीच्या दीडपट अंतरात कोणी उभे राहू नये. ओंडका अडला तर क्लच दाबून थांबावे, ट्रॅक्टर थोडा मागे घेऊन साखळी सैल करावी, उतरावे आणि पहारीने ओंडका वळवावा. रेस वाढवून ‘बघू निघतो का’ असे करू नये. उताराला आडवे ओढू नये. चढावर ओढत जाणे तर टाळावेच, कारण तिथे पुढच्या चाकांवरचा भार आधीच कमी झालेला असतो. खाली ओढताना ओंडका ट्रॅक्टरच्या अंगावर घसरत येतो, म्हणून सौम्य उतारच निवडावा.

पहिला पाऊस पडून गेल्यावर हे काम काही दिवस थांबवावे. वरची माती ओली आणि खालची टणक असते तेव्हा चाके आधी घसरतात आणि मग अचानक धरतात, आणि त्या धरण्याच्या क्षणीच तोंड उचलले जाते. चाके रुतली तर ट्रॅक्टर मागे घेऊन पाहावा किंवा दुसऱ्या ट्रॅक्टरने काढावा. चाकाला लाकूड साखळीने बांधून पुढे काढण्याची युक्ती कोणी सुचवली तर ऐकू नये. चाक फिरेनासे झाले की फिरायला ट्रॅक्टरचे धडच उरते.

ड्रॉबारची पिन आजच काढून पाहावी. निघत नसेल तर तेल सोडून रात्रभर ठेवावी, तारेच्या ब्रशने गंज काढावा, ग्रीस लावावे आणि त्याच मापाची दुसरी पिन आखूड साखळीने फेंडरला टांगून ठेवावी, म्हणजे घाईच्या दिवशी कोणाचा हात वरच्या ब्रॅकेटकडे जाणार नाही.