माती, हाडं, दात यांचा किरणोत्सार मोजताना या चुका टाळा

आकडा विचित्र आला की दोष मशीनला. प्रत्यक्षात बहुतेक वेळा घोळ झालेला असतो तो नमुन्याचा डबा बंद करताना.

मातीतलं रेडियम-२२६ आपण मोजतो ते त्याच्या वंशजांवरून, म्हणजे ते क्षय पावून तयार होणाऱ्या मूलद्रव्यांवरून: शिसं-२१४ ची ३५२ केईव्हीची रेषा (ठरावीक ऊर्जेचे गॅमा किरण; केईव्ही हे ऊर्जेचं एकक) आणि बिस्मथ-२१४ ची ६०९ ची. मधली कडी म्हणजे रेडॉन, आणि तो वायू. झाकण सैल राहिलं तर रेडॉन निसटतो आणि रेडियम कमी दिसतं. त्याचं अर्धायुष्य ३.८ दिवस, म्हणून डबा हवाबंद करून चार आठवडे ठेवायचा; तोवर रेडॉन आणि त्याचे वंशज रेडियमच्या बरोबरीला येतात. घाई असलेले रेडियमच्या स्वतःच्या १८६ च्या रेषेवर भागवतात. पण तिथे युरेनियम-२३५ ही मिसळलेलं असतं.

शंका असेल तर तोच डबा बंद केल्या दिवशी आणि महिन्याने मोजा. ६०९ वाढला नाही तर आधी झाकण बघा. पोटॅशियम-४० रेडॉनपासून येत नाही; त्याच्या १४६० च्या रेषेचा आकडाही बदलला असेल, तर झाकणाचा संबंध नाही. डबा डिटेक्टरवर नीट बसला नव्हता किंवा कॅलिब्रेशन (मशीनचं प्रमाणित नमुन्याशी जुळवलेलं माप) सरकलं आहे.

गोव्यात पावसाचा त्रास वेगळाच. १०५-११० अंशांवर वाळवलेली माती जुलैत उघडी राहिली की पुन्हा दमट होते. डेसिकेटरमध्ये (ओलावा शोषणाऱ्या बंद भांड्यात) थंड करून लगेच वजन घ्या आणि डबा बंद करा. शेतात मीटर घेऊन जाणाऱ्यांनी सर ओसरल्यावर दोन-तीन तास थांबावं: पाऊस हवेतले रेडॉनचे वंशज जमिनीवर आणतो, आकडा उगाच चढतो. कुळागरात (सुपारी-नारळाच्या बागेत) पोटॅश खत कधी घातलं तेही विचारा, त्यातही पोटॅशियम-४० असतं. आणि प्रयोगशाळेच्या भिंती चिऱ्यांच्या असतील तर त्यांचाही किरणोत्सार मोजला जातो. तसाच रिकामा डबा ठेवून, नमुन्याइतकाच वेळ पार्श्वभूमी मोजा.

दात जेमतेम ग्रॅमभराचा, त्याला मातीच्या डब्याचं कॅलिब्रेशन लावू नका. शिसं-२१० ची ४६.५ ची रेषा तर कॅल्शियमच बरीचशी गिळतं. पोलोनियम-२१० हवं असेल तर दात भट्टीत जाळायचा नाही, ते उडून जातं. नायट्रिक आम्लात विरघळवा. पुरलेली हाडं जमिनीतलं युरेनियम शोषतात, तेव्हा भोवतालची मूठभर मातीही सोबत आणा.