बेलॉत्तोच्या चित्रांतलं वॉर्सा: या चुका टाळा

‘वॉर्साचं जुनं शहर कनालेत्तोची चित्रं बघून पुन्हा उभारलं’ हे पोलंडच्या राजधानीबद्दलचं वाक्य आता वाचवत नाही. व्हेनिसचा चित्रकार कनालेत्तो १७६८ मध्ये वारला. वॉर्साची चित्रं १७७० ते १७८० ची, त्याचा भाचा बेर्नार्दो बेलॉत्तो याची. भाचा मामाचं नाव लावायचा, म्हणून हा घोळ. तेव्हा आधी साल बघा.

त्याहून मोठी चूक ‘जुनं शहर’ या शब्दांत आहे. ते नाव वॉर्साच्या सर्वांत जुन्या भागाचं. पोलंडचा राजा स्तानिस्वाफ ऑगस्ट याच्यासाठी बेलॉत्तोने रंगवले ते मुख्यतः क्राकोफ्स्के प्शेद्म्येश्चे, म्योदोवा, द्वुगा असे ऐसपैस रस्ते आणि तिथले राजवाडे, चर्च. दुसऱ्या महायुद्धात, १९४४ मध्ये वॉर्साकरांनी जर्मनांविरुद्ध केलेल्या उठावानंतर जर्मनांनी उद्ध्वस्त केलेला जुन्या शहराचा चौक १९५३ पर्यंत उभा राहिला तो मुख्यतः युद्धाआधीच्या फोटोंवर आणि वॉर्सा पॉलिटेक्निकच्या वास्तुकला विभागाने घेतलेल्या मोजमापांवर. बेलॉत्तो कामी आला क्राकोफ्स्के प्शेद्म्येश्चेच्या दर्शनी भिंतींसाठी. तिथल्या काही घरांवर एकोणिसाव्या शतकात चढवलेले मजले मुद्दाम गाळले. म्हणजे १९३९ मध्ये होता तो रस्ता परत आलाच नाही. आणि लोक आजचा फोटो चित्राशेजारी लावून ‘बघा, किती हुबेहूब!’ म्हणतात. अहो, घरच चित्र बघून बांधलंय, ते चित्राच्या बाजूने साक्ष काय देणार? पडताळायचं तर १९३९ पूर्वीचा फोटो नाहीतर अठराव्या शतकातला नकाशा घ्या.

‘कॅमेरा ऑब्स्क्युरा वापरला, म्हणजे फोटोच’ हेही तसंच. कॅमेरा ऑब्स्क्युरा म्हणजे समोरच्या दृश्याची प्रतिमा कागदावर पाडणारी पेटी. ती प्रतिमा गिरवून मिळते फक्त बाह्यरेषा. रुंद देखाव्यासाठी अनेक रेखाटनं जोडावी लागतात, आणि जोडताना प्रमाणं सोयीने बदलता येतात. बेलॉत्तोने ती बदललीही. तपासायची रीत सोपी आहे. चित्रात एकामागे एक, एका रेषेत दिसणारे दोन मनोरे शोधा आणि जुन्या नकाशावर त्यांना जोडणारी रेघ आपल्या बाजूला वाढवा. अशाच दुसऱ्या जोडीची रेघ जिथे पहिलीला छेदते, ती चित्रकाराची जागा. तिसरी जोडी सापडली तर तीही ओढा. तिन्ही रेघा एका बिंदूत भेटत नसतील तर काहीतरी सरकवलेलं आहे. संध्याकाळभराचं काम, पण चित्रावर पट्टी ठेवून रस्त्याची रुंदी सांगणाऱ्यांना तेवढाही धीर नसतो.

गर्दी मोजत बसू नका, माणसं देखाव्याच्या सोयीने पेरलेली असतात.

विटांचा रंग मोबाइलवरच्या प्रतीवरून ठरवू नका. मूळ २२ चित्रं वॉर्साच्या राजवाड्यात आहेत. मात्र ती टांगलेलं दालन अठराव्या शतकातलं समजू नका. राजवाडाच १९७१ ते १९८४ मध्ये नव्याने बांधलाय.